‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ : मेंदूला इजा झालेल्या माणसाला सांभाळताना

मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशावरून? 1694 साली लॉकने त्याचं उत्तर दिलं ते थोडक्यात असं, की जिथवर माझी जाणीव आणि आठवण पोचते तिथवर ‘मी’. व्याख्यान संपल्यावर जिन्यापाशी एका बाईंनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, “सर, माझ्या मिस्टरांना चार वर्षांपूर्वी अपघात झाला, डोक्याला मार लागला. ते चालतात, बोलतात, जेवतात. पण माझं लग्न ज्यांच्याशी झालं ते हे नाहीत. तुमच्या लॉकच्या हिशेबानं मी नेमकं कोणाचं करते आहे?” आम्हाला त्या वेळी धड उत्तर देता आलं नाही. म्हणून कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय आज बाजूला ठेवतो आहोत.

या विषयावर बोलायचा आमचा अधिकार डॉक्टरचा नाही. तो एका भावाचा आहे, आणि चुकलेल्या भावाचा आहे. आमचा धाकटा भाऊ वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पावसात स्कूटरवरून घसरला. हेल्मेट होतं, पण डिकीत. काही आठवडे रुग्णालयात काढून तो घरी आला. हातपाय शाबूत, बोलणं स्पष्ट, माणसं ओळखत होता. नातेवाईक पेढे घेऊन आले, “देवाची कृपा, अगदी पहिल्यासारखा झाला” म्हणाले. आमची भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, “दादा, पहिल्यासारखं काही नाही.”

काय नव्हतं पहिल्यासारखं? सकाळी तो पलंगाच्या कडेला बसे. हातात टूथब्रश. “अरे, ऊठ की” म्हटलं की “हो, उठतो” म्हणे. अर्ध्या तासानं बघावं तर तिथेच, ब्रश हातात. पुन्हा सांगितलं की पुन्हा “हो, उठतो”. आम्ही तेव्हा कॉलेजात कांट शिकवत होतो. जे करणं माणसाला शक्यच नाही ते ‘करायला हवं होतं’ असं त्याला म्हणता येत नाही, हे तत्त्व आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. आणि घरी येऊन सख्ख्या भावाला आम्ही आळशी म्हणत होतो. एकदा नाही, वर्षभर.

आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांभोवती फिरणार आहे : ‘तो करत नाही’ आणि ‘त्याला करता येत नाही’. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मेंदूला इजा झालेल्या माणसाला सांभाळणं म्हणजे बऱ्याच अंशी या दोहोंतला फरक रोज, प्रत्येक प्रसंगी, नव्यानं ओळखणं.

आधी इजा कशी होते ते पाहू. मेंदू दगडासारखा घट्ट नसतो, मऊ असतो आणि कवटीच्या आत द्रवात असतो. वेगात असलेलं डोकं एकदम थांबलं की कवटी थांबते, मेंदू आत पुढे जातो. कपाळामागे आणि कानशिलामागे कवटीचा आतला तळ खडबडीत आहे, धारदार कंगोरे आहेत. तिथे मेंदूचा पुढचा भाग घासतो. शिवाय डोकं गरकन फिरलं तर मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तंतू इतके बारीक, की सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा काही दिसत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य घरात येतं आणि पुढची काही वर्षं छळतं. रिपोर्ट नॉर्मल, मग हा असा का वागतो? मुद्दाम वागतो, दुसरं काय!

कपाळामागचा हा भाग काय करतो? तो हात हलवत नाही, शब्द उच्चारत नाही. तो सुरुवात करून देतो, मधेच थांबवतो, क्रम लावतो आणि आपलं आपण कसं चाललंय यावर नजर ठेवतो. घरातल्या कर्त्या माणसासारखं त्याचं काम आहे. असतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, नसला की घर चालत नाही.

आमच्या भावाची पहिली अडचण सुरुवातीची होती. दात घासायचे हे त्याला माहीत होतं, घासायची इच्छाही होती, पण इच्छेपासून कृतीपर्यंतची ठिणगी पडत नव्हती. (असं दिसलं की डॉक्टरांकडून नैराश्यही तपासून घ्यावं. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि नैराश्यावर औषध आहे.) अशा माणसाला “तुला काही कळत नाही का?” हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याला कळतं. “मग आता काय करायचंय आपण?” हाही प्रश्न सुरुवातीला जड जातो. त्यात निवडणं आलं, ठरवणं आलं. उपयोगी पडते ती छोटी, ठरलेली खूण. भावजयीनं न्हाणीघराच्या आरशावर एक पुठ्ठा चिकटवला : नळ सोड, ब्रश ओला कर, पेस्ट लाव. ती फक्त खांद्याला हात लावून “पुठ्ठा” एवढंच म्हणे. तीन-चार महिन्यांनी हात लावावा लागेना. पुढे “पुठ्ठा” म्हणावं लागेना. पुठ्ठा मात्र बरीच वर्षं राहिला, आणि राहू दिला. चष्मा लावून स्पष्ट दिसतं म्हणून आपण कोणाचा चष्मा काढून घेत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे आमच्यासारखे मास्तर हमखास चुकतात. आपण मानतो की माणूस चुकांतून शिकतो. खरं आहे, पण त्यासाठी आपण चुकलो होतो हे आठवावं लागतं. इजेमुळे ज्याची स्मरणशक्ती अधू झाली आहे, त्याची सवयीनं शिकण्याची शक्ती बरेचदा शाबूत असते, प्रसंगाची आठवण मात्र राहत नाही. “सांग बरं, औषधाची डबी कुठे असते? आठव, आठव” असं म्हणून तुम्ही त्याला अंदाज करायला लावलंत आणि तो चुकीच्या कपाटाकडे गेला, तर हाताला चुकीचं कपाट पाठ होतं आणि तुम्ही केलेली दुरुस्ती विसरली जाते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच जातो. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 साली हे प्रयोगानं दाखवलं. स्मृती गमावलेल्यांना चुकूच न देता शिकवलं तर ते जास्त चांगलं शिकतात. म्हणजे परीक्षा घ्यायची नाही. बरोबर उत्तर आधीच हातात द्यायचं, पुन्हा पुन्हा द्यायचं, आणि हळूहळू आपला हात काढायचा. आम्ही वर्षभर भावाची तोंडी परीक्षा घेत होतो! आज वार कोणता, परवा कोण आलं होतं. त्याला घाम फुटायचा, आणि आम्हाला वाटायचं बुद्धीला व्यायाम होतोय.

दुसरी अडचण रागाची. संध्याकाळी तो भडकायचा, भांडं फेकायचा. ज्या माणसानं कधी मुलांवर आवाज चढवला नव्हता तो. आम्ही म्हणालो, स्वभाव बदलला. भावजय काही म्हणाली नाही, तिनं दोनशे पानी वही घातली. कधी भडकले, त्याआधी काय चाललं होतं, घरात कोण होतं, दुपारी झोपले होते का. महिन्याभरानं तिनं ती आमच्यापुढे ठेवली. भडकण्याचे बहुतेक प्रसंग चार ते सहामधले होते. मुलं शाळेतून येतात, टीव्ही लागतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, कोणीतरी दारात येऊन बोलत उभं राहतं. इजा झालेल्या मेंदूला गोंगाटातून एक आवाज निवडण्याचे कष्ट पडतात, आणि दिवसभर साध्यासाध्या गोष्टींना दुप्पट कष्ट घेऊन चारच्या सुमारास तो रिकामा झालेला असतो. उपाय काय केला? दुपारी तासभर अंधाऱ्या खोलीत झोप. चार ते सहा टीव्ही बंद. कुकर तीनला. राग गेला नाही, पण आठवड्यात पाच वेळा होता तो एखाद्या वेळेवर आला. आम्ही ज्याला स्वभाव म्हणत होतो त्यातला मोठा भाग थकवा होता. लग्नाच्या पंगतीला, गणपतीतल्या आरतीच्या गर्दीला अशा माणसाला नेताना हे ध्यानात ठेवावं. अर्धा तास थांबून परतलं तर काही बिघडत नाही. आग्रह करणाऱ्यांना आपण सांगायचं, त्याला सांगायला लावायचं नाही.

तिसरी अडचण सगळ्यात कठीण. त्याला वाटायचं, मला काहीच झालेलं नाही. 1914 साली जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांची एक बाजू लुळी आहे पण ते त्यांना मुळी ठाऊकच नाही. हा हट्ट नसतो, लपवाछपवी नसते. ज्या भागानं स्वतःकडे पाहायचं तोच जखमी आहे. डोळ्याला डोळ्याचा दोष कसा दिसावा? आमच्या भावानं घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात स्कूटरची किल्ली मागितली. भावजयीनं लपवली. मग घरात रोज तीच लढाई : “तू कोण मला अडवणारी?” आम्ही पुरावे देऊन वाद घातला, आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक वादात हरला. शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, की तपासणी होईपर्यंत वाहन चालवू नये. ते पत्र फ्रिजवर लावलं. तो चिडला, पण डॉक्टरांवर. घरातला ‘नाही’ शक्य तिथे घराबाहेरून यावा, हे आम्ही तेव्हा शिकलो. जी बाई त्याला जेवायला वाढते तिलाच पोलीस करू नये.

आता एका प्रसिद्ध रुग्णाबद्दल. मानसशास्त्र शिकलेल्यांना फिनिअस गेज माहीत असतो. सप्टेंबर 1848, अमेरिकेतल्या वरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश. रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावणाऱ्या टोळीचा हा पंचवीस वर्षांचा मुकादम. दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. पण त्याच्या डॉक्टरांनी, जॉन हार्लो यांनी, नोंदवलं की पूर्वीचा शांत, हिशेबी माणूस आता लहरी, शिवराळ आणि अस्थिर झाला आहे, ओळखीचे लोक म्हणतात हा आमचा गेज नव्हे. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात.

सांभाळणाऱ्यांना उपयोगी आहे ती पुढची गोष्ट. 1852च्या सुमारास गेज चिलीला गेला आणि तिथे त्यानं काही वर्षं घोड्यांच्या टपालगाड्यांवर काम केलं. हे काम सोपं नाही. पहाटे उठणं, घोडे जुंपणं, उतारूंचं सामान, लांबचा रस्ता, अनेक लगाम एका हाताखाली. मॅल्कम मॅकमिलन या अभ्यासकानं गेजची सगळी कागदपत्रं धुंडाळली. त्याचं म्हणणं असं, की रोज ठरलेल्या क्रमानं चालणाऱ्या या कामानंच गेजला बऱ्याच अंशी सावरलं असावं. आतली चौकट मोडली होती, बाहेरच्या कामानं चौकट पुरवली. 1860 साली तो आकड्या येऊन वारला. तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण इजेनंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही आकडी येऊ शकते. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध आपल्या मनानं बंद करू नये, आणि दारू अजिबात नको.

इथपर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, कळलं, तो करत नाही असं नाही, त्याला येत नाही, म्हणून सगळं समजून घ्यायचं. आम्हीही असंच ठरवलं, आणि दुसऱ्या टोकाला गेलो. तो काहीही बोलला तरी आम्ही हसून सोडून देऊ लागलो. एकदा त्यानं मुलीच्या मैत्रिणींसमोर तिच्या रंगावरून काहीतरी वेडंवाकडं म्हटलं. ती रडली. आम्ही तिला बाजूला घेऊन समजावलं, “बाबा आजारी आहेत गं, मनावर घेऊ नकोस.” रात्री जेवताना तो आपणहून म्हणाला, “दादा, आता मला कोणी काही बोलतच नाही.” घास हातात राहिला आमच्या.

पीटर स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं 1962 सालचं एक व्याख्यान आहे, ‘स्वातंत्र्य आणि राग’ अशा अर्थाच्या नावाचं. ते आम्ही अनेकदा शिकवलं होतं. स्ट्रॉसन म्हणतो, माणसांशी आपण दोन तऱ्हांनी वागतो. एकीत आपण रागावतो, रुसतो, आभार मानतो, माफ करतो. समोरचा आपल्या बरोबरीचा आहे हे त्यात गृहीत असतं. दुसरीत आपण त्याला हाताळतो : सांभाळायचं, आवरायचं, उपचार करायचे. वेडाच्या किंवा आजाराच्या भरात कोणी वागला की आपण पहिलीतून दुसरीत सरकतो, आणि ते दयेपोटीच असतं. पण जो कायमचा दुसरीत गेला त्याच्यावर कोणी रागावत नाही, कारण त्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच करत नाही. भावाला तेच जाणवलं होतं. त्याच्यावर आम्ही अन्याय दोनदा केला. आधी जे त्याच्या हातात नव्हतं त्याबद्दल दोष दिला, मग जे होतं तेही काढून घेतलं.

मग मार्ग कोणता? भडकलेला असताना काही बोलायचं नाही, तेव्हा खरोखरच ‘येत नाही’. पण तो शांत झाला की, फार उशीर न करता, एका वाक्यात सांगायचं : “तू मघाशी असं बोललास, तिला लागलं.” व्याख्यान द्यायचं नाही (आम्हाला ते अवघड गेलं). त्यानं मुलीची माफी मागितली. पुढेही चुकला, पुढेही मागितली. आणि निर्णय त्याच्याकडे परत द्यायचे, त्याला पेलतील तेवढे. भाजी कोणती? दोनच पर्याय ठेवून. आठवड्याला स्वतःचे दोनशे रुपये, हिशेब विचारायचा नाही. त्यात त्यानं एकदा तीन छत्र्या आणल्या. आणू देत.

त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. लॉकनं ‘मी’ एकट्याच्या डोक्यात ठेवला, आणि आमच्या मते तिथे तो अपुरा पडतो. आमच्या भावाच्या आठवणींत जिथे खड्डे आहेत तिथे त्याची बायको, मुलं, मित्र त्याची गोष्ट धरून आहेत, त्याला परत सांगत आहेत. तो तो आहे, कारण त्याला तो म्हणून वागवणारी माणसं आहेत. पण हे म्हणताना त्या बाईंचं दुःख खोटं ठरवायचं नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेनं व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलं आणि ‘संदिग्ध वियोग’ अशी कल्पना मांडली. माणूस देहानं नाही पण मनात आहे, हा एक प्रकार. देहानं समोर आहे पण ओळखीचा राहिलेला नाही, हा दुसरा. या दुसऱ्याला आपल्याकडे सुतक नाही, दहावं-तेरावं नाही, भेटायला येणारं कोणी नाही. उलट लोक म्हणतात, नशीबवान आहेस, कुंकू राखलं. तिनं रडायचं कधी?

आणि तिला सावित्री म्हणणं बंद करा. ही विनंती नव्हे, तक्रार आहे, आमची आमच्यावरच. भावजयीचं कौतुक आम्ही चारचौघांत भरपूर केलं, पण तिला दुपारचे दोन तास दिले नाहीत. एव्हा किटे ही तत्त्वज्ञ स्वतः गंभीर अपंगत्व असलेल्या मुलीची आई. तिनं 1999 सालच्या पुस्तकात एक साधी गोष्ट पुढे केली : बाळंतिणीनं बाळाला सांभाळायचं असेल तर बाळंतिणीला सांभाळणारं कोणी हवं. आपल्याकडे माहेर याचसाठी असतं. दुसऱ्याची सेवा करणाऱ्याला असं माहेर मिळणं हा किटेच्या मते उपकार नसून न्यायाचा भाग आहे. आम्ही उशिरा का होईना, गुरुवारची दुपार आमच्याकडे घेतली. तीन ते सात. पहिल्या गुरुवारी ती कुठेच गेली नाही, शेजारच्या खोलीत झोपली.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, अशा रुग्णांसाठी केस मॅनेजर हा वेगळा व्यवसाय आहे. डॉक्टर, व्यायाम, काम, पैसे, घरचे या सगळ्यांचे धागे एका हातात धरणारा माणूस. आपल्याकडे हे काम घरातल्याच कोणाला करावं लागतं, आणि शक्यतो ते रोज सेवा करणाऱ्या व्यक्तीवर टाकू नये. दूर राहणारा भाऊ, परदेशातली मुलगी हे करू शकते. एक फाइल असावी : रुग्णालयातून मिळालेले कागद, स्कॅन, औषधांची यादी, आकडीच्या तारखा, आणि ती वही. रस्त्यावरचा अपघात असेल तर नुकसानभरपाईच्या दाव्यात ही वही पुरावा ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली लहानपणी अपघातात पूर्ण परावलंबी झालेल्या एका मुलीच्या दाव्यात, तिला जन्मभर लागणाऱ्या दोन मदतनिसांचा खर्च स्वतंत्रपणे मोजून दिला. सेवेला किंमत आहे, हे निदान न्यायालयानं म्हटलं.

बँक खातं, सही, मालमत्ता यांचं काय, हा प्रश्न रुग्ण बेशुद्धावस्थेत असेल तर फार अडतो. 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा ठरावीक चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी आहे. त्यात असा प्रौढ रुग्ण सहसा बसत नाही. म्हणून घरच्यांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. केरळ उच्च न्यायालयानं 2019 साली त्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आहेत. वकिलाला याबद्दल जरूर विचारा.

रुग्णाच्या वतीनं बोलायचं कोणी, याचं आपल्याच मुंबईतलं उदाहरण अरुणा शानबाग यांचं. 1973 साली केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्या 2015 साली जाईपर्यंत तिथेच होत्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क कोणाचा मानला? इतकी वर्षं त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. दयामरणाच्या बाजूनं तुमचं मत काहीही असो, हा एक मुद्दा आम्हाला पटतो.

एक चिठ्ठी आली आहे : “सुधारणा किती काळ होत राहते?” सर्वात वेगानं पहिल्या सहा महिन्यांत, मग हळू. दोन वर्षांनी सगळं थांबतं असं पूर्वी सर्रास सांगत, तसं नाही. मेंदू पूर्ववत होत नसला तरी माणूस शिकत राहतो. आमचा भाऊ अकराव्या वर्षी एकटा दुधाच्या केंद्रावर जाऊन यायला लागला. रस्ता तोच, वेळ तीच, खिशात एक कार्ड. मधे एक दिवस केंद्र बंद होतं. भावजय खिडकीत उभी राहून घड्याळ बघत होती. पाऊण तासानं तो आला, दोन चौक पलीकडच्या दुकानातून दूध घेऊन. कार्डावर ते दुकान नव्हतं.